भातं पोसवतात तेव्हा

भाताला फूल येतं, हे रोज दोन वेळा भात खाणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. बेळगावच्या येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारात बासमती पोसवला, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की सकाळी दहा-साडेदहाला बांधावर बसावं आणि एकाच लोंबीवर नजर ठेवावी. दाण्याच्या जागी तेव्हा नुसतं हिरवं तूस असतं, दोन पाकळ्यांचं, मिटलेलं. त्याच्या बुडाशी दोन बारीक गाठी असतात, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या. ऊन चढलं की त्या पाणी ओढून फुगतात आणि आतून रेटा देऊन तूस उघडतात. सहा पुंकेसर धाग्यांवर लोंबत बाहेर येतात. आत पिसांसारखे दोन कुंचले असतात, पराग झडतो तो बहुतेक आपल्याच कुंचल्यांवर. परागाचं आयुष्य पाचेक मिनिटांचं. तासाभरात गाठी सुकतात, तूस मिटतं आणि मळणीपर्यंत पुन्हा उघडत नाही. लोंबीचा शेंडा आधी फुलतो, मग खालचं खालचं. सगळी लोंबी फुलून व्हायला आठवडाभर जातो.

नेमकी त्याच तासात सर कोसळली, किंवा हवा फार तापली, तर पराग बसत नाही. तूस मात्र वेळ झाली की मिटतंच. बाहेरून सगळे दाणे सारखेच हिरवे दिसतात. कुठला भरला आणि कुठला पोचा राहिला ते कळायला महिना जावा लागतो. भरलेली लोंबी वाकते, पोची ताठ उभी राहते.

एका दाण्यामागचं हे काम बघितल्यावर पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायातलं वचन ओठांवर येणं साहजिक आहे: देव खडक आहे, त्याची कृती परिपूर्ण आहे. चर्चमधल्या कापणीच्या सणाच्या उपदेशाला हे वचन चांगलं लागू पडतं. पण बाकावर बसलेल्या ज्याच्या शेतात यंदा अर्ध्या लोंब्या ताठ उभ्या आहेत, त्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो आणि तो उपासनेत मोठ्यानं विचारता येत नाही. म्हणून 'परिपूर्ण' हा शब्दच आधी हातात घेऊन बघायला हवा.

मूळ हिब्रू शब्द आहे तामीम. तो गोठ्यातला आणि बाजारातला शब्द आहे. वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू तामीम असावं, असं निर्गमाचा १२ वा अध्याय सांगतो. लेवीयाचा २२ वा अध्याय तर जनावर घेताना माणूस जसा चारी बाजूंनी फिरून बघतो तशी यादीच देतो: आंधळं नको, हाड मोडलेलं नको, खरूज झालेलं नको. म्हणजे तामीम म्हणजे धड, सगळे अवयव जागच्या जागी असलेलं. चकाकी, देखणेपणा, नाजूक घडण यांचा या शब्दाशी संबंध नाही.

आमच्याकडे बियाण्याची परीक्षा याच अर्थानं होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भाताचं बियाणं सोडायचं आणि ढवळायचं. पोचे आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. बुडाला बसलेलं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, कारण मीठ अंगावर राहिलं तर उगवण मार खाते, आणि चोवीस तास सावलीत वाळवायचं. वर तरंगणाऱ्यांत दिसायला सोनेरी, लांबसडक दाणे पुष्कळ असतात. मिठाचं पाणी रंग बघत नाही, आत भरलंय का तेवढं बघतं. तामीमला मराठीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'भरलेला' हाच शब्द.

या शब्दाची दुसरी बाजू उपदेशात क्वचितच येते. तामीम वेळेलाही लावतात. लेवीयाच्या २३ व्या अध्यायात सात 'पुरे' आठवडे मोजायला सांगितलेत, २५ व्यात घर सोडवून घ्यायला 'पुरं' एक वर्ष दिलंय, यहोशवाच्या १० व्या अध्यायात सूर्य जवळजवळ 'पुरा' दिवसभर थांबला असं म्हटलंय. तिन्ही ठिकाणी शब्द हाच. आपल्या बायका 'पुऱ्या दिवसांची' म्हणतात त्यातला 'पुरा'. सातव्या महिन्यात झालेलं बाळ आणि पुऱ्या दिवसांचं बाळ यातला फरक देखणेपणाचा नसतो, दिवस भरले की नाहीत याचा असतो. देवाची कृती परिपूर्ण आहे असं म्हणताना तिचे दिवस भरतात, ती अर्ध्यात टाकली जात नाही, हेही आपण म्हणत असतो. नुसतं 'निर्दोष' म्हटलं की हा अर्थ गळून पडतो, आणि मग पोचा दाणा दिसला की विश्वास डळमळतो.

उत्पत्तीचा पहिला अध्यायही असाच सावकाश वाचावा. 'चांगले आहे' हे शब्द त्यात सात वेळा येतात, पण हिब्रू पाठात दुसऱ्या दिवशी ते येत नाहीत. त्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं झालं, एवढंच. तिसऱ्या दिवशी खालचं पाणी एका जागी गोळा होऊन कोरडी जमीन दिसली, मग गवत-झाडं उगवली, आणि त्या एकाच दिवशी 'चांगले' दोनदा म्हटलंय. जुन्या यहुदी भाष्यकारांनी याचं कारण दिलंय: पाण्याचं काम दुसऱ्या दिवशी अर्धंच झालं होतं, आणि अर्ध्या कामाला चांगलं म्हणत नाहीत. देवानंही दुसऱ्या दिवशी घाई केली नाही. पाण्यात बुडालेलं शिवार बघून त्याला घाईनं चांगलं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आणि दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ओळीचा शेवट. मराठी वाचनात तो सहज निघून जातो, पण हिब्रू शब्द अक्षरशः घेतले तर अर्थ होतो: 'जे देवानं करण्यासाठी निर्माण केलं.' काम संपलं, विसावा झाला, आणि तरी वाक्य 'करण्यासाठी' या शब्दावर येऊन थांबतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंग थंड झालं, फेटलिंग म्हणजे वरचे कंगोरे घासून झाले, मशिनिंग होऊन माप बरोबर आलं की ते पुरं झालं. त्या क्षणापासून ते फक्त झिजणार. भाताचा दाणा पुरा होतो तेव्हा त्याच्या एका टोकाला पुढच्या वर्षीचं रोप घडी घालून ठेवलेलं असतं. माणसाच्या हातची वस्तू पुरी झाली की थांबते आणि देवाच्या हातची पुरी झाली की सुरू होते, हा फरक लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाला चटकन पटतो.

पावसाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपल्या मराठी पवित्र शास्त्रातच एक गंमतीची गाठ आहे. 'आगोटीचा पाऊस' आणि 'वळवाचा पाऊस' हे शब्द अनुवादात, योएलात, याकोबाच्या पत्रात येतात आणि आपल्याला ते घरचे वाटतात. आगोट म्हणजे मिरगाच्या तोंडावरची सुरुवात. वळीव म्हणजे एप्रिल-मेचा, विजा कडाडत येणारा, आंबे पाडणारा, नांगरून उघड्या पडलेल्या रानावरचा. पण इस्राएलाच्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उन्हानं दगड झालेली जमीन मऊ करतो, आणि मग नांगर चालतो, गहू-जव पेरतात. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलात, कणसात दाणा भरत असताना. त्यानंतर जव कापतात, मग गहू, आणि पुढे पाचेक महिने आभाळ कोरडं. आपला वळीव रिकाम्या रानावर पडतो, त्यांचा भरत्या कणसावर. महिने जवळजवळ तेच, काम अगदी निराळं.

हे कळलं की याकोब ५:७ चा शेतकरी नीट दिसतो. दोन्ही पाऊस होईपर्यंत तो धीर धरतो, कारण दुसऱ्या पावसावाचून दाणा पोचा राहील. आपल्या बासमतीला दाणा भरल्यावर असाच पाऊस आला तर सत्यानाश होतो. बासमती उंच, कांडं नाजूक. हस्त-चित्राच्या पावसात, त्यातही युरियाचा हात सैल सुटलेला असला तर, पीक आडवं होतं. कापून पसरलेल्या पेंढ्यांवर स्वातीचा पाऊस पडला तर दाण्याला जागच्या जागी कोंब फुटतात आणि पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, काळं पडतं. हे दुःख इस्राएलालाही ठाऊक होतं. गव्हाच्या कापणीत पाऊस पडणं ही शमुवेल संदेष्ट्यानं लोकांना दाखवलेली रागाची खूण आहे, आणि कापणीतला पाऊस शोभत नाही असं नीतिसूत्रंही म्हणतात. पाणी तेच. माप आणि वेळ चुकली की तेच पाणी शाप होतं. उपदेशक ३:११ मध्ये सगळं 'आपापल्या वेळी' सुंदर केलंय असं म्हटलंय. त्यातला 'आपापल्या वेळी' गाळून उरलेलं वाचणं म्हणजे अर्धं वाचणं.

मापाचं सगळ्यात सुंदर वर्णन मात्र यशयाच्या २८ व्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि शेतकरी असलेल्या मंडळीत ते वर्षातून एकदा तरी वाचलं जावं असं मनापासून वाटतं. नांगरणारा दिवसरात नांगरतच राहतो का, असं संदेष्टा विचारतो. नाही, जमीन सपाट झाली की तो कलौंजी आणि जिरं टाकतो, गहू ओळीत, जव नेमल्या जागी, आणि कडेला कुस्सेमेत. बहुतेक अभ्यासक या कुस्सेमेतला आपला खपली गहू समजतात. चिकोडी-अथणीकडे ज्यांनी खपली केलाय त्यांना यातलं मर्म सांगायला नको. खपलीचं कणीस मळलं तर दाणा सुटत नाही, बोंडंच तुटून पडतात, तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं राहतं. त्याला वेगळं कांडावं लागतं, आणि कांडताना हात जड झाला तर दाणा फुटतो.

पुढे मळणी. कलौंजीवर दाताळी पाटी ओढत नाहीत, जिऱ्यावर गाडीचं चाक फिरवत नाहीत. एकाला काठी, दुसऱ्याला छडी. भाकरीच्या धान्यावर चाक फिरतं, पण तेही कायम नाही, कारण कायम फिरवलं तर पीठच होईल. आपल्याकडे तरी दुसरं काय? भाताची पेंढी फळीवर झोडतात. जोंधळ्याची कणसं खळ्यावर दगडी रुळाखाली घालतात. मसूर वाळवून काठीनं बडवतात, कारण रुळाखाली त्याची डाळ होते. आता मळणी यंत्र आलं तरी अक्कल तीच लागते. ड्रमचा वेग भाताला ठेवलेला तसाच मसुराला ठेवला तर पोत्यात अर्धी डाळ भरते. माल ओला असताना घातला तर दाणा दबतो, फार कडक वाळवून घातला तर तुटतो. आणि बासमतीची किंमत तर अख्ख्या दाण्यातच आहे. भात भर उन्हात एकदम तापवलं की दाण्याला आत केसाएवढी चीर जाते. ती तेव्हा दिसत नाही, गिरणीत कणी होऊन दिसते. म्हणून पातळ पसरायचं, हलवत राहायचं, दुपारच्या कडक उन्हात गोळा करून झाकायचं.

हे सगळं शेतकऱ्याला कोणी शिकवलं? त्याच्या देवानं, असं यशया म्हणतो, आणि लगेच सांगतो की देवाची मसलत अशीच अद्भुत आहे. हे शब्द त्यानं अशा लोकांना सांगितलेत ज्यांच्यावर चाक फिरणार होतं. देव मळतो, पण कुणाला किती मळायचं हे त्याला कळतं, आणि दाण्याचं पीठ करण्यासाठी तो मळत नाही. परिपूर्णतेचा मला सगळ्यात आधार देणारा अर्थ हा आहे.

आता अवघड भाग.

शहापूर-वडगावच्या ज्या शिवारात सगळ्यात सुवासिक बासमती होतो, त्याच शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढतं. भातं पोटरीत असोत की पोसवलेली, आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिली की कुजतात. इथं देवाच्या कृतीकडे बोट दाखवण्याआधी नाल्याकडे बघावं. गाळ साठलाय, जलपर्णी माजलीय, पात्र आक्रसलंय. पाणी उताराकडे जातं हा देवाचा नियम अजून जसाच्या तसा चालू आहे, वाट आपण बुजवलीय. कृती परिपूर्ण आहे म्हणणाऱ्या मंडळीला फावडं घेऊन नाल्यावर जाता आलं पाहिजे, निदान अर्जावर सही तरी करता आली पाहिजे.

पण सगळं एवढ्यावर भागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा एकाच वेळी पात्र सोडून आल्या तेव्हा ज्यांची घरं बसली त्यांत आपल्या ख्रिस्ती विश्वासातलीही कुटुंबं होती. अशा घरी जाऊन 'त्याची कृती परिपूर्ण आहे' हे वचन ऐकवणं मला चूक वाटतं. वचन खोटं आहे म्हणून नव्हे, ते तिथं ऐकवण्याचा हक्क आपल्याला नाही म्हणून. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र तेच करत होते. देव न्यायी आहे, त्याचे मार्ग सरळ आहेत, हेच ते अध्यायामागून अध्याय सांगत राहिले, आणि शेवटी देवच त्यांना म्हणाला की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. बोलला तो ईयोब. राखेत बसून भांडणारा ईयोब! शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून येशूनं स्वतःच 'नाही' म्हटलं. त्यापलीकडे त्या बुरुजाचा खुलासा त्यानं केला नाही. आपणही करू नये. भांडी धुवायला, भिंत रचायला हात लावावा.

सृष्टी अजून वेणा देते आहे, असं पौल रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहितो. वेणा म्हणजे दिवस भरत आलेत, बाळ अजून हातात नाही. पुऱ्या दिवसांच्या बाईला कोणी 'तुझं सगळं छान चाललंय' म्हणत नाही, आणि 'सगळं बिघडलं' असंही म्हणत नाही. सुईण नुसती जवळ बसते, कंबर दाबते.

अनुवादाचं ते गीतही विजयाच्या वेळी गायलेलं नाही. मोशेनं ते अशा लोकांसमोर म्हटलं जे पुढे बिघडणार आहेत हे त्याला सांगितलं गेलं होतं. त्याच दिवशी त्याला आज्ञा झाली: नबो डोंगरावर चढ, तो देश समोरून बघ, आत मात्र जाणार नाहीस. चाळीस वर्षांचं काम स्वतःच्या हातून पुरं न होणाऱ्या माणसानं 'त्याची कृती परिपूर्ण' असं म्हटलंय. गीताच्या सुरुवातीला तो म्हणतो, माझं शिक्षण पावसासारखं पडो, कोवळ्या गवतावरच्या सरींसारखं. 'खडक' या शब्दाला आपल्या जुन्या मराठी वाचनात 'दुर्ग' म्हणायची सवय आहे. सीमाभागात तो शब्द लगेच राजहंसगड डोळ्यांसमोर आणतो. पण मूळ शब्द सूर आहे, त्याचा अर्थ कातळ. तट माणसं बांधतात, पडतात, पुन्हा बांधतात. कातळ त्याच्या आधीपासून तिथं असतो.

आणखी एक गोष्ट, कापणीच्या सणाला आपण नेहमी विसरतो ती. आपण मोजतो ते आपल्या कणगीत आलेलं. कणकुंबी-आमगावकडे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीकडे पाचशे-सहाशेच्या आसपास, आणि तो कणकुंबीचा बहुतेक पाऊस जंगलावर पडतो. ईयोबाच्या ३८ व्या अध्यायात देव विचारतो की जिथं माणूस नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचं एक वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ म्हणून जगभर ओळखलं जाणारं. १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि पुढे कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. मग मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं. त्याचा आपल्या सुगीला काय उपयोग, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचंही ताट वाढलेलं आहे, एवढं स्तोत्र १०४ वाचून कळतं.

ख्रिस्ताकडे आल्यावर तामीम या शब्दाला एक मोठा हिसका बसतो. तो निर्दोष कोकरू, हे खरंच. वधस्तंभावर 'पूर्ण झालं आहे' म्हणाला, हेही. त्या ग्रीक शब्दात शेवटाला, मुक्कामाला पोहोचण्याचा अर्थ आहे, आपल्या 'दिवस भरले' सारखाच. पण पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला त्यानं हात दाखवले तेव्हा खिळ्यांचे व्रण तसेच होते. लेवीयाच्या यादीप्रमाणे अशा अंगाचं जनावर वेदीवरून परत पाठवलं असतं. नव्या सृष्टीचा पहिला देह व्रणांसकट पुरा आहे. बाजारातली परीक्षा घेऊन या देहाजवळ जाता येत नाही, आणि ज्यांच्या घरात अपंग लेकरू आहे त्यांना हे आधी सांगायला हवं. आपल्या लेकरात कुठलं पाप शोधायचं नाही, योहानाच्या ९ व्या अध्यायात येशूनं तो शोध तिथंच थांबवला आहे.

पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, आणि तो शब्द शेतातून उचललेला आहे. लेवीयाच्या २३ व्या अध्यायाप्रमाणे कापणी सुरू होताच पहिली पेंढी याजकाकडे आणायची, आणि ती देवापुढे ओवाळेपर्यंत नव्या धान्याची भाकरी नाही, हुरडाही नाही. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं, आणि कापणीच्या सणाला आजही आपल्या मंडळ्या भाताच्या लोंब्या, भोपळे, रताळी, ऊस घेऊन येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. कॅथलिक घरांतही नव्या भाताची लोंबी आशीर्वादाला नेण्याची रीत आहे. सजावट करणाऱ्यांना एक सांगणं: लोंबी तोडताना फार पिकलेली घेऊ नये, वेदीपर्यंत जाईतो दाणे झडतात. दांड्याला अजून थोडा हिरवा रंग असलेली घ्यावी. घट्ट पेंढी न बांधता सैल बांधावी, नाहीतर आत दमट राहून दोन दिवसांत बुरशी धरते.

लेवीयात ती पेंढी आणल्या दिवसापासूनच मोजायला सुरुवात होते. सात पुरे आठवडे, आणि तिथं 'पुरे' साठी शब्द आहे तामीमच. पहिली पेंढी वेदीवर असते तेव्हा बाकीचं पीक शिवारात उभं असतं, वाकलेलं, काही अजून हिरवं, आणि आपल्याकडे तरी स्वातीचा पाऊस व्हायचा असतो.